खेळातल्या पात्राचा 'क्लास': वर्ग, पेशा, जात की आणखी काही?

वैनगंगा
नमस्कार मंडळी. दर शनिवारी नागपुरात प्रतापनगरला आमच्या घरी चार मुलं जमतात आणि मी त्यांना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळवते. यात प्रत्येकानं एक काल्पनिक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत त्याची गोष्ट पुढे न्यायची. मुलं मराठी शाळेतली, म्हणून नियमांचे कागद मीच मराठीत लिहिते. लढवय्या, मांत्रिक, पुजारी, चोर असे पात्रांचे जे प्रकार असतात, त्यांना मूळ खेळात क्लास म्हणतात. मी सरळ 'वर्ग' लिहिलं. भाचीनं पेन्सिलीनं कागद भरून दिला: वंश (म्हणजे पात्र माणूस, बुटका यांपैकी कोण) – बुटका, वर्ग – सातवा ब. तिचं काही चुकलं नाही. 'कितवीत आहेस?' याला आपल्याकडे 'सातव्या वर्गात' हेच उत्तर येतं.

दुसरी अडचण मोठी आहे. या खेळात मूळ प्रकाराच्या जागी घ्यायचे बदललेले प्रकारही असतात. रेंजर म्हणजे रानात माग काढणारा. २००४ साली पर्यायी नियमांचं एक पुस्तक आलं, त्यात त्याचा शहरी प्रकार आहे. तो गल्लीबोळांतून माग काढतो. भाचीला तोच हवाय, इतवारीच्या बोळांत वाढलेला. 'पर्यायी वर्ग' लिहिलं तर चित्रकला की संगीत, असं मुलं विचारतील. काय लिहू?

शब्दवेल्हाळ
'सातवा वर्ग' हा हिंदीचा परिणाम. मराठी शब्द इयत्ता. संस्कृत 'इयत्' म्हणजे इतकं, त्यावरून इयत्ता म्हणजे इतकेपणा, मर्यादा. वर्ग म्हणजे गट किंवा खोली. मुलांना इयत्ता म्हणायची सवय लावा, मग तुमचा 'वर्ग' मोकळा होईल.

महालकर
काऊन भाऊ, आमचं बोलणं दरवेळी हिंदीचाच परिणाम काऊन असते? नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथल्या शाळांची कागदपत्रं त्या राज्याच्या रिवाजानं चालली. माझ्या आजीच्या दाखल्यावर शाईनं 'वर्ग ४ था' लिहिलं आहे, आणि आजीला हिंदी धड येत नव्हती. चार पिढ्या बोलतात तो शब्द मराठीच आहे. पोट्ट्यांची जीभ बदलवण्यापेक्षा कागदावरचा शब्द बदला.

शब्दवेल्हाळ
दाखला आहे हे मान्य, पण दाखल्यावर आहे म्हणून शब्द नेमका ठरत नाही. बरं, तुमच्या खेळात पात्र चढत जातं ना? त्या चढत्या पायरीला 'इयत्ता' म्हणा. 'तिसऱ्या इयत्तेचा मांत्रिक' ऐकायला किती स्वच्छ वाटतं!

वैनगंगा
हे आवडलं. 'पातळी'ऐवजी इयत्ता लिहून बघते. पण मूळ प्रश्न तसाच आहे.

कापूसकोंड्या
'जात' का नको? मूळ अर्थ प्रकार, एवढाच. आंब्याची जात, कापसाची जात आपण रोज म्हणतो. शिवाय या खेळाच्या १९८१ च्या प्राथमिक संचात बुटका हा स्वतःच एक क्लास होता. तिथे वंश आणि काम वेगळे नव्हतेच.

वैनगंगा
नाही, हे मी लिहिणार नाही. मी दीक्षाभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. 'तुझी जात चोर' असं बारा वर्षांच्या मुलाच्या कागदावर माझ्या हातानं लिहायचं? १८७१ च्या कायद्यानं नेमकं हेच केलं होतं, अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ साली रद्द झाला, तरी पारध्यांच्या पोरांना ते अजून भोगावं लागतं. आणि खेळातला क्लास जन्मानं मिळत नाही, मूल तो निवडतं. मधेच दुसरा धरताही येतो. निवडता येणं हाच तर त्याचा गाभा. मूळ खेळानंही २०२४ च्या नियमांत 'रेस' काढून 'स्पीशीज' घेतलं. माझ्या कागदावरचं 'वंश' खोडून 'प्रजाती' लिहायचं, हे आत्ता उत्तर देता देता ठरलं.

कापूसकोंड्या
पटलं. कापसाच्या पलीकडे विचार केला नव्हता. मग 'पेशा'? तो निवडता येतो. पेशवा त्यावरूनच आलाय.

शब्दवेल्हाळ
पेशवा 'पेश'वरून, म्हणजे समोर, पुढे. पेशवा म्हणजे पुढे चालणारा. पेशा म्हणजे धंदा, तो फारसी शब्द निराळा.

कापूसकोंड्या
आमचे फारसी शिकलेले काका दोन्ही एकच म्हणायचे. जो पुढे मांडायचा तो पेशा.

रानजाई
पेशा रुक्ष वाटतो, वकिलीसारखा. 'बाणा' म्हणा ना! लढवय्याचा बाणा, मांत्रिकाचा बाणा. नाहीतर 'सोंग'. झाडीपट्टीच्या दंडारीत सोंगं येतात, एकनाथांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, वाघ्या अशी सोंगंच आहेत. भूमिका घेऊन खेळायच्या खेळाला याहून जवळचा शब्द कुठला?

महालकर
सोंग म्हणजे आजकाल ढोंग. बाणा बरा, पण चोराला कायचा बाणा? सरळ 'क्लास' लिहा ना ताई.

वैनगंगा
तेही करून पाहिलं. 'माझा क्लास साडेसहाला आहे' म्हणून एक मुलगा उठून गेला. क्लास म्हणजे शिकवणी.

शब्दवेल्हाळ
बदललेल्या प्रकारासाठी व्याकरणात तयार शब्द आहे. नवा वर्ण शेजारी येऊन बसला तर तो आगम, आधीच्याला उठवून त्याच्या जागी बसला तर आदेश. 'मित्रवदागमः शत्रुवदादेशः' असं जुने शास्त्री शिकवत. तुमचा शहरी माग काढणारा हा रानातल्याच्या जागी येतो, म्हणून तो आदेश. नियम हवा तर घ्या, नको तर सोडा, असं असेल तेव्हा विकल्प. एका अक्षराचीही ओढाताण नाही.

रानजाई
भेद अचूक आहे. पण आज 'आदेश' म्हटलं की जिल्हाधिकाऱ्यांचा कागद आठवतो.

महालकर
आमच्याकडे यासाठी शब्द होता: चाल. अष्टाचंगा खेळायचो. आजी चिंचोके ओट्याच्या दगडावर घासून घासून त्याची पांढरी दळं करायची, अशी चार दळं म्हणजे फासा. चारी पांढरी वर आली की चंगा, चार घरं. चारी काळी आली की अष्टा, आठ. महालातल्या घरी एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात शिरायचं नाही. सक्करदऱ्याच्या मावशीकडे न मारताही शिरता येत होतं. भांडण झालं की आजी म्हणे, 'त्यांच्याकडची चाल वेगळी आहे.' चूक कोणाचीच नाही. अभंग एक, चाली दहा, तसंच हे.

वैनगंगा
किती सुंदर! दर शनिवारी माझं नेमकं हेच होतं. वीस पैलूंच्या एका फाशाऐवजी सहाचे तीन फासे टाकायची चाल त्याच २००४ च्या पुस्तकात आहे. सरासरी दोन्हीकडे साडेदहाच, पण तीन फाशांवर १० किंवा ११ पडण्याची शक्यता २५ टक्के, एकावर १०. नशीब मवाळ होतं, मुलं कमी रडतात. 'तीन फाशांची चाल' म्हटलं की लगेच कळेल.

शब्दवेल्हाळ
पण खेळताना सोंगटी पुढे सरकवणं हीदेखील चालच. 'आता तुझी चाल' आणि 'आपली चाल' एकाच टेबलावर कशी चालेल?

महालकर
आजीच्या ओट्यावर चालत होती ना. पोट्ट्यांना कधी घोटाळा झाला नाही.

रानजाई
विषय सोडून विचारते, 'चंगा' कुठून आला? आमच्याकडे भंडाऱ्याला या खेळाला चंगाअष्टाच म्हणत, चंगा आधी.

कापूसकोंड्या
चंगा म्हणजे चांगलं, पंजाबीतला. चारी पांढरी पडली की चांगलं झालं.

शब्दवेल्हाळ
मग आठ घरं देणारा अष्टा जास्त चांगला नाही का? चंगा 'चार'शीच जोडलेला असणार.

वैनगंगा
उद्या शनिवार. 'इयत्ता' आणि 'प्रजाती' शाईनं लिहून टाकलंय. मधला रकाना पेन्सिलीनंच ठेवलाय, आत्ता त्यात 'पेशा' आहे. महालकरदादा, चिंचोके घासायला किती वेळ लागतो? भाचीला दळं करायची आहेत.