शाळेचा लॅपटॉप मुलाच्या हातून पडला, पूर्ण पैसे आम्हीच भरायचे का?

सातवीतल्याची_आई
मुलगा सातवीत आहे. कॉम्प्युटर लॅबमधून बाहेर पडताना त्याच्या दप्तराचा पट्टा चार्जरच्या वायरीत अडकला आणि टेबलावरचा लॅपटॉप खाली आला. स्क्रीनला कोपऱ्यापासून तडा गेलाय आणि एक बिजागरी निखळलीय. वायर दोन टेबलांच्या मधून, मुलं ये-जा करतात तिथूनच आडवी नेलेली, हे त्याच्या मित्रांनीही सांगितलं आणि मी नंतर शाळेत गेले तेव्हापण ती तशीच होती. मस्ती वगैरे काही चालू नव्हती, सर स्वतःच तसं म्हणाले. तरी चिठ्ठी आलीय की नव्या लॅपटॉपची पूर्ण किंमत भरा नाहीतर रिझल्ट मिळणार नाही. आणि तो लॅपटॉप काही नवाकोरा नव्हता हो, कीबोर्डवरची अक्षरंपण पुसली गेलीयत. मिस्टर म्हणतात भरून टाकू, शाळेशी वाकडं कशाला, पोराला अजून तिथेच शिकायचंय. मला पटत नाहीये. भरायचे तर किती आणि कशाच्या आधारावर, कोणाला माहिती आहे का?

स्पष्टच_बोलतो
ताई राग मानू नका पण लॅपटॉप तुमच्या मुलाच्या दप्तराने पडला ना, मग भरायला शेजारी येणार का? शाळेचा पैसा म्हणजे बाकीच्या पालकांचाच पैसा. प्रत्येक जण "चुकून झालं" म्हणायला लागला तर वर्षाअखेर लॅबमध्ये नुसती टेबलं उरतील. ॲडमिशनच्या फॉर्मवर नुकसानभरपाईची ओळ असते, आपण सगळे न वाचता सही ठोकतो आणि वेळ आली की आठवण होते.

काळा_कोट
फॉर्मवर सही आहे म्हणजे विषय संपला असं नसतं. त्या ओळीत नेमके शब्द काय आहेत ते आधी काढून बघा. "हेतुपुरस्सर किंवा निष्काळजीपणाने" असं लिहिलं असेल तर शाळेला निदान निष्काळजीपणा तरी दाखवावा लागेल, वस्तू पडली एवढ्याने तो सिद्ध होत नाही. आणि मुलाचा निष्काळजीपणा मोजताना मोठ्या माणसाची पट्टी लावत नाहीत, त्याच वयाचं साधारण शहाणं मूल काय करेल ते बघतात. इंग्लंडमधली एक केस आहे, १९९८ साली रिपोर्ट झालेली, पंधरा वर्षांच्या दोन मुली वर्गात प्लॅस्टिकच्या फूटपट्ट्यांनी तलवारबाजी खेळत होत्या, पट्टी मोडली, तुकडा उडून एकीच्या डोळ्यात गेला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. एवढं होऊनही अपिलात दुसरी मुलगी जबाबदार ठरली नाही कारण त्या वयाच्या मुलीला असं होईल याचा अंदाज येण्यासारखा नव्हता, आणि खेळू नका असं त्यांना कधी बजावलंही नव्हतं. तिथे प्रश्न इजेचा होता, वस्तूचा नाही, पण निष्काळजीपणाची कसोटी तीच.

बाकी देशागणिक कायदा इतका वेगळा आहे की नेटवर वाचलेलं एकच उत्तर धरून शाळेत भांडायला जाऊ नका. जर्मनीत सात वर्षांखालचं मूल नुकसानीला जबाबदारच धरत नाहीत, त्यापुढे अठरापर्यंत त्याला आपल्या वागण्याची जबाबदारी कळण्याइतकी समज होती का ते बघतात. फ्रान्समध्ये उलट, मुलाच्या कृतीने नुकसान झालं की "आम्ही नीट लक्ष ठेवलं होतं" हा बचाव पालकांना सहसा मिळत नाही, १९९७ च्या तिथल्या वरिष्ठ कोर्टाच्या निकालापासून हे पक्कं आहे. कॅलिफोर्नियात रिझल्ट अडवायची मुभा शाळेला आहे, पण जाणूनबुजून केलेल्या नुकसानीसाठी, आणि पालकांना पैसे देणं शक्यच नसेल तर मुलाने काही काम करून फेड करायची सोयसुद्धा त्याच कलमात आहे. तुमच्याकडे रिझल्ट अडवायची धमकी कुठल्या नियमाखाली दिलीय ते लेखी मागा. माझा अनुभव असा की "लेखी द्या" म्हटलं की निम्म्या धमक्या विरघळतात.

लॅब_इनचार्ज
मी शाळेतच लॅब सांभाळतो म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. वस्तू तुटली की पहिला घाम इनचार्जला फुटतो कारण डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, वस्तू त्याच्या नावावर असते आणि ऑडिटला उत्तर त्यालाच द्यायचं असतं, म्हणून पालकांकडून पैसे आले की सगळे सुटले अशी घाई होते. पण त्याच रजिस्टरमध्ये खरेदीची तारीख आणि किंमतपण असते ताई, ती बघायला मागा. समजा पाच वर्षं चालेल असा धरलेला लॅपटॉप चार वर्षं वापरून झालाय, तर साध्या हिशोबाने त्याची किंमत एक पंचमांश उरली. नव्याचे पैसे घेणं म्हणजे जुन्याच्या बदल्यात नवा उपटणं झालं. त्याच्याही आधी दुरुस्तीचं कोटेशन मागा. तुम्ही सांगताय त्यावरून डिस्प्ले आणि बिजागरी बदलून काम होईल असं वाटतं, मदरबोर्डला धक्का लागला असेल तर गोष्ट वेगळी. वॉरंटीवर अवलंबून राहू नका, पडून झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, त्याचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, ते शाळेने घेतलं होतं का हे मात्र जरूर विचारा.

आणि ती वायर. चालायच्या वाटेवर वायर ही शंभर टक्के लॅबची चूक, मुलाची नाही. मी वायरी टेबलाच्या मागून नेऊन भिंतीला क्लिप मारतो. फोटो काढला नसेल तर उद्याच काढा, तुमची चिठ्ठी पोचल्यावर ती वायर तिथे दिसणार नाही.

स्पष्टच_बोलतो
वायरीचं मान्य, ते मी नीट वाचलं नव्हतं. तरी निम्मं तरी भरा असंच म्हणेन. मुलाला कळायला हवं की वस्तूला किंमत असते.

प्रयोगवही
@स्पष्टच_बोलतो किंमत कळते हो, पण त्याआधी दुसरंच काहीतरी कळतं. मी विज्ञान शिकवते. आमच्याकडे पूर्वी फुटेल त्या काचेचे पैसे मुलाकडून असा नियम होता, बीकर असो की टेस्टट्यूब. एकदा एका मुलीच्या हातून पाऱ्याचा थर्मामीटर फुटला आणि पैशाच्या भीतीने तिने काचा रुमालात गुंडाळून दप्तरात टाकल्या, पाऱ्याचे थेंब पायाने बाकाखाली सारले आणि गप्प बसली. पुढच्या तासाची मुलं त्याच बाकावर बसून गेली. पारा नुसत्या खोलीच्या तापमानालासुद्धा वाफ सोडत राहतो, झाडूने ओढला तर बारीक थेंब होऊन आणखी पसरतो. आम्हाला कळलं कधी, तर सफाईवाल्या मावशींना फरशीच्या फटीत चकचकीत गोळ्या दिसल्या तेव्हा. त्यानंतर नियमच बदलला. फुटलं की लगेच सांगायचं, सांगितलं तर पैसे नाहीत, लपवलं किंवा मुद्दाम फोडलं तर घरी चिठ्ठी. फोडाफोड वाढेल असं सगळ्यांना वाटलं होतं, तसं काही झालं नाही, फक्त आता कळतं तरी. लॅबमध्ये काच फुटणारच, तो खर्च शाळेने वर्षाच्या बजेटमध्येच धरायचा असतो.

ताईंच्या मुलाने पळ न काढता जागेवर थांबून सांगितलं असेल तर ते त्या चिठ्ठीच्या उत्तरात जरूर लिहा.

सातवीतल्याची_आई
हो, तोच सरांना बोलावून घेऊन आला. सगळ्यांना थँक्यू. वायरीचा फोटो आहे, मी त्याच दिवशी काढला होता. फॉर्म शोधला, त्यात "विद्यार्थ्याकडून झालेले नुकसान पालकांनी भरून द्यावे" एवढंच आहे, मुद्दाम की चुकून काहीच नाही. इन्शुरन्समधून काही होतं का?

काळा_कोट
एवढी मोघम ओळ असेल तर दोन्ही बाजूंनी ताणता येते, पण "नुकसान" म्हणजे नव्या वस्तूची किंमत असं त्यातही कुठे म्हटलेलं नाही, तो मुद्दा सोडू नका. इन्शुरन्सचं म्हणाल तर काही घराच्या पॉलिसीत कुटुंबाकडून तिऱ्हाइताचं नुकसान झालं तर कव्हर असतं, पॉलिसी काढून बघा. तिथे एक गंमत आहे, कंपनी तुमच्या वतीने तेवढंच देते जेवढं कायद्याने तुमच्या अंगावर येतं. मूल जबाबदारच नाही असं ठरलं तर कंपनीही हात वर करते. शाळेची स्वतःची पॉलिसी असेल तर तिच्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम शाळेलाच सोसावी लागते, एका लॅपटॉपसाठी क्लेमच करत नाहीत कारण तो त्या रकमेच्या आतच बसतो, आणि मग ते पालकांना चिठ्ठी पाठवतात.

सातवीतल्याची_आई
आज परत शाळेत जाऊन आले. रजिस्टर दाखवायला तयार झालेत, दुरुस्तीचं कोटेशनपण मागवतो म्हणाले, रिझल्टचा विषय मॅडमनी परत काढलाच नाही. मी दुरुस्तीतला काही भाग द्यायला तयार आहे असं सांगितलंय, वायरीचा फोटो पुढे ठेवून. मिस्टरांना अजून वाटतं पूर्ण भरून मोकळं व्हावं. म्हणून शेवटचं विचारते, पूर्ण किंमत भरलीच तर तो तुटका लॅपटॉप आपला होतो का?

लॅब_इनचार्ज
न्यायाने बघितलं तर हो, पूर्ण किंमत घेतली तर मोडकी वस्तू तुम्हाला द्यायला हवी नाहीतर मोडीची किंमत वजा करायला हवी. पण त्यात मुलांचे मार्क आणि शाळेचा डेटा असतो, हार्ड डिस्क काढून घेतल्याशिवाय कोणी देणार नाही. विचारून बघा मात्र. हे विचारलं की ऑफिसमध्ये पूर्ण किमतीवरून दुरुस्तीवर यायला फार वेळ लागत नाही.