मदत हवी आहे: उंचावर लावलेल्या मॉनिटरवर खालून रंग उलटे दिसतात

नमस्कार मंडळी,

आई सध्या अंथरुणाला खिळून आहे. तिला पडल्यापडल्या फोटो बघता यावेत म्हणून जुना टीएन (एलसीडी पडद्याचा एक जुना, स्वस्त प्रकार) पॅनेलचा मॉनिटर भिंतीवर उंच लावलाय. समोर उभं राहून पाहिलं तर चित्र छान. पण तिच्या उशीपाशी बसून पाहिलं की चेहरे ओळखू येत नाहीत. काळे केस राखाडी होतात आणि गालावरची सावली त्यांच्याहून काळी पडते, थेट निगेटिव्हसारखी. डाव्या-उजव्या बाजूने एवढा त्रास नाही. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारी सेटिंग) सगळं फिरवून झालं. खोक्यावर तर पाहण्याचा कोन १७०/१६० अंश (आडवा/उभा) लिहिलंय!

वरून चिकटवायची एखादी फिल्म मिळते का? की पॅनेलच बदलावं? मॉनिटर खाली घ्यायला जागा नाही. कृपया सुचवा.

प्रतिसाद १:
गॅमाने हे जाणार नाही. टीएनमध्ये दोन काचांमधले लांबट रेणू ९० अंशांचा पीळ घेऊन बसलेले असतात. व्होल्टेज दिलं की मधल्या थरातले रेणू काचेला काटकोनात उभे होऊ लागतात, पण सगळे एकाच बाजूला कलून. गडद करड्या छटेला ते अर्धवट कललेले असतात आणि खालून बघणाऱ्याची नजर नेमकी त्यांच्या लांबीच्या दिशेने जाते, म्हणून ती छटा काळी दिसते. पूर्ण काळ्याला रेणू उभे असतात, तेव्हा तीच नजर तिरकी पडते आणि प्रकाश झिरपतो. केस राखाडी दिसतात ते यामुळे.

फिल्मवर पैसे घालवू नका. कोनामुळे पडणारा फरक भरून काढणारी चकतीसारख्या रेणूंची फिल्म असते, पण ती पॅनेल बनतानाच पोलरायझरच्या (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या थराच्या) आत बसवतात. पुढच्या पोलरायझरमधून प्रकाश एकदा बाहेर पडला की वरून काहीही चिकटवून उलटलेल्या छटा सुलट होत नाहीत. आणि १७०/१६० म्हणजे कॉन्ट्रास्ट १०:१ पर्यंत उतरेपर्यंतचा कोन. रंग टिकतील असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं.

प्रतिसाद २:
खर्चाआधी एक करून बघा. मॉनिटर चक्क उलटा टांगा, वरची कड खाली, आणि संगणकाच्या सेटिंगमधून चित्र १८० अंश फिरवा. खराब बाजू छताकडे जाईल. आईंना चित्र थोडं पांढरट दिसेल, पण छटा निगेटिव्हसारख्या उलटणार नाहीत. ब्रॅकेट झुकत असेल तर पडदा उशीकडे झुकवाच, फरक त्यानेही पडतो. मॉनिटरचा स्वतःचा मेनू तेवढा उलटा दिसेल.

नवीनच घ्यायचा झाला तर आयपीएस प्रकारच्या पॅनेलचा. त्यात रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, म्हणून तिरकं पाहिलं तरी छटा फारशा बदलत नाहीत. व्हीए या तिसऱ्या प्रकाराचा काळा रंग समोरून सुरेख, पण कोनातून गडद छटा फिक्या पडतात. तुमच्या कामाला तो नको.

धागाकर्ता:
उलटा टांगला, पुढेही झुकवला. चेहरे व्यवस्थित दिसतायत, मनापासून आभार! पांढरटपणा आहे, त्यासाठी गॅमा बदलू का?

प्रतिसाद २:
बदला. बघणारी व्यक्ती एकाच जागी आहे, त्यामुळे उशीपाशी बसूनच जुळवा. समोरून कसंही दिसलं तरी चालेल.