अकरावी विज्ञान शाखेत दुसरी भाषा म्हणून जर्मन ठेवावी का?

निगडीकर

नमस्कार. माझ्या मुलीला अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला असून विषय निवडीचा अर्ज पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. तिच्या महाविद्यालयात इंग्रजी सर्वांनाच घ्यावी लागते. दुसऱ्या भाषेच्या जागी मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन, फ्रेंच यांपैकी एक भाषा किंवा त्याऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेता येतो. आठवीपासून शाळेत तिला जर्मन होती आणि ती तिला मनापासून आवडते.

घरात मात्र एकमत होत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि प्रवेश परीक्षेचा क्लास यांतून वेळ उरणारच नाही, तेव्हा सरळ आयटी घेऊन मोकळे व्हावे, असे तिच्या बाबांचे मत आहे. याउलट काही परिचितांच्या मते जर्मनच अधिक ‘स्कोअरिंग’ आहे. पुढे जर्मनीत अभियांत्रिकी शिकावी असे तिच्या मनात आहे, परंतु तो विचार अजून पक्का झालेला नाही. बारावीपर्यंत महाविद्यालयात शिकलेली जर्मन त्यासाठी कितपत उपयोगी पडते? की विषय म्हणून दुसरेच काही घेऊन भाषेचा क्लास बाहेर लावणे शहाणपणाचे ठरेल?

देर_दी_दास

ताई, कनिष्ठ महाविद्यालयात जर्मन शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, त्यामुळे माझ्या मताला थोडा पक्षपाताचा वास येईल, तो गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

प्रथम गुणांविषयी, कारण दरवर्षी जून-जुलैमध्ये पालक तेवढेच विचारतात. बारावीच्या भाषा विषयात ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे तोंडी व अंतर्गत मूल्यमापन असते. पाठ्यक्रम आखलेला असल्याने नियमित अभ्यास करणाऱ्या मुलांना उत्तम गुण मिळतात, हे खरे आहे. प्रश्न असा की ते गुण नेमके कुठे कामाला येतात? राज्याच्या सीईटीतून अभियांत्रिकीला प्रवेश घेताना गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. तेथे जर्मनचे पंचाण्णव काय आणि मराठीचे पंच्याऐंशी काय, काही फरक पडत नाही. एनआयटीसारख्या संस्थांसाठी खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीला एकूण ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान आवश्यक असते, आणि त्या बेरजेत भाषेचे गुण धरले जातात. परंतु ती पात्रतेची अट आहे, चढाओढीची नव्हे. म्हणजे विज्ञान शाखेच्या मुलीने केवळ गुणांसाठी भाषा निवडण्यात फारसा अर्थ नाही.

आता भाषेविषयी. मंडळाची परीक्षा आणि ग्योथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्सम्युलर भवनाची, ए-१ (सर्वांत प्राथमिक) ते सी-२ (सर्वांत वरची) अशी पातळीनिहाय परीक्षा यांची जात वेगळी आहे. महाविद्यालयात भर असतो तो व्याकरण, धड्यांवरील प्रश्न, पत्र आणि उताऱ्यांवर. माझ्या वर्गात विभक्तीचे तक्ते बिनचूक लिहिणाऱ्या मुली असतात. पण त्यांनाच मी रेल्वे फलाटावरची उद्घोषणा ऐकवली की गाडी कोणत्या फलाटावर आणि किती उशिरा येणार हे निम्म्या वर्गाला सांगता येत नाही. बी-१ च्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात आणि प्रत्येकात किमान ६० टक्के मिळवावे लागतात. एका भागातले जास्तीचे गुण दुसऱ्या भागाच्या मदतीला येत नाहीत. श्रवणातले काही भाग एकदाच ऐकवले जातात. संभाषणात दोन उमेदवार समोरासमोर बसतात आणि एखादा बेत आखतात, समजा, रुग्णालयात असलेल्या मित्राला भेटायला कधी जायचे, कसे जायचे, सोबत काय न्यायचे. जोडीदाराने ऐनवेळी ‘शनिवारी मला जमणार नाही’ म्हटले की पाठ केलेली वाक्ये संपतात.

म्हणून माझा सल्ला असा की, मुलीला भाषा आवडत असेल तर विषय म्हणून जर्मनच ठेवावी, पण महाविद्यालयातील दोन वर्षांना पुरेशी तयारी समजू नये. ग्योथे इन्स्टिट्यूट बी-१ पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका धरते, आणि विज्ञान शाखेच्या वेळापत्रकात भाषेच्या वाट्याला येणाऱ्या तासांत ते गणित बसत नाही.

आखेनचा_रहिवासी

नमस्कार. मी पुण्यातून बारावी करून थेट जर्मनीत आलो, त्यामुळे पुढच्या टप्प्याविषयी लिहितो.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर व्हावा. केवळ भारतातील बारावीच्या बळावर येथील सार्वजनिक विद्यापीठात सहसा थेट प्रवेश मिळत नाही. एक वाट ‘श्टुडिएनकोलेग’ या पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमाची. तो साधारणपणे दोन सत्रांचा असतो आणि शेवटी पात्रता परीक्षा द्यावी लागते. दुसरी वाट म्हणजे भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण करून त्याच विद्याशाखेत अर्ज करणे. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्यांना तांत्रिक आणि विज्ञान विषयांसाठी थेट अर्ज करता येतो, पण तेवढे जमले तर बहुतेक जण आयआयटीच गाठतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस या शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या केंद्राचे प्रमाणपत्र लागते. या सगळ्यात बारावीला कोणते विषय घेतले होते तेही तपासले जाते, म्हणून आयटी घेण्याचे ठरवलेच तर तो विषय मूल्यांकनात कसा धरला जातो याची खातरजमा आधीच करून घ्यावी.

भाषेबद्दल सांगायचे तर श्टुडिएनकोलेगच्या प्रवेश परीक्षेतच बी-१ ते बी-२ च्या आसपासची जर्मन अपेक्षित असते, आणि जर्मन माध्यमातील पदवीला पुढे साधारण सी-१ पर्यंत जावे लागते. इंग्रजीतून शिकवले जाणारे पदवी अभ्यासक्रम आहेत, परंतु पदव्युत्तर स्तराच्या तुलनेत ते कमी आहेत. ‘एमएस इंग्रजीतून होते, मग पदवीही होईल’ हा पुण्यातल्या पालकांचा आवडता हिशेब येथे जुळत नाही.

माझ्या वर्गात गणित सर्वांत सोपे जाईल असे आम्हां भारतीय मुलांना वाटत होते. गणित येतही होते, परंतु शिक्षक फळ्याकडे तोंड करून भराभर बोलत सिद्धता मांडत, आणि ‘यावरून असे निघते की’, ‘अन्यथा’, ‘अट अशी की’ असले जोडशब्द कानांतून निसटले की पुढची ओळ कुठून आली हेच कळत नसे. व्याकरणाचा पाया बारावीत पक्का झालेला असल्याने मला लिहिताना अडले नाही. अडले ते ऐकताना आणि बोलताना. देर_दी_दास ताईंचे निरीक्षण तंतोतंत खरे आहे.

वहीचे_पान

मी थोडे वेगळे मत मांडतो. जर्मन बाहेर शिकायचीच असेल, तर बारावीला मराठी घ्यावी. दहावीनंतर मराठी सुटली की या मुलांचा मराठी वाचनाशी संबंध जवळजवळ संपतो, हे मी घरोघरी पाहतो. मराठीच्या सक्तीचा २०२० चा राज्याचा कायदा पहिली ते दहावीपुरता आहे. त्यापुढे मुलांनी मराठी ठेवायची की नाही हे आपल्याच हातात उरते. जर्मन ही पैसे भरून कुठल्याही वयात शिकता येते. अकरावी-बारावीत मराठीतील चांगले लेखन शिक्षकांच्या सोबतीने वाचण्याची संधी पुन्हा येत नाही.

देर_दी_दास

वहीचे_पान, आपली कळकळ मला पटते, आणि मराठी न वाचणारा विद्यार्थी जर्मनही बेताचीच शिकतो हे मी अनुभवाने म्हणेन. मात्र ‘जर्मन केव्हाही शिकता येते’ यावर माझा आक्षेप आहे. ही मुलगी आठवीपासून शिकते आहे. बारावीच्या धामधुमीत बाहेरचा क्लास हा पहिला बळी असतो. चाचणी परीक्षा जवळ आली की आधी तोच बुडतो. विषय वेळापत्रकात असला की निदान आठवड्यातून काही तास भाषा कानांवर पडते, गृहपाठ तपासला जातो आणि खंड पडत नाही. दोन वर्षांच्या खंडानंतर आलेल्या मुलांना शब्द आठवतात, पण वाक्य जुळत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अकरावी-बारावीला दोन भाषा आणि त्यांतील किमान एक भारतीय, अशी मांडणी आहे. राज्यांत त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असल्याने इंग्रजी आणि जर्मन अशी जोडी या वर्षी चालते का, हे तोंडी न विचारता महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात पाहावे.

निगडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुणांचा मुद्दा मी घरी वाचून दाखवला आणि आयटीचा आग्रह बराच मावळला आहे. इंग्रजी-जर्मन जोडी चालते, हे माहितीपत्रकात पाहून घेतले. आता एकच शंका उरते. तिने बाहेरची पातळी परीक्षा अकरावीत द्यावी की बारावीनंतर? आणि आठवी ते दहावी शिकल्यावर पुन्हा ए-१ पासून सुरुवात करावी लागते का?

आखेनचा_रहिवासी

ए-१ पासून सुरुवात करण्याची सक्ती नसते. मॅक्सम्युलर भवनात आधी शिकलेल्यांसाठी पातळी ठरवणारी चाचणी असते; ती दिली की कोणत्या वर्गात बसायचे ते कळते. क्लास न लावताही परीक्षा बाहेरून देता येते, मात्र जागा लवकर भरतात.

देर_दी_दास

अकरावीची दिवाळीची सुटी ते वार्षिक परीक्षा या काळात ए-२ देणे बहुतेकांना झेपते. बी-१ बारावीच्या वर्षात मुळीच घेऊ नये. फेब्रुवारी-मार्चमधील मंडळाची परीक्षा आणि नंतरच्या प्रवेश परीक्षा आटोपल्या की निकालापर्यंत जे आठवडे मोकळे मिळतात, त्यांत सलग तयारी करून ती द्यावी. बी-१ चे चारही भाग वेगवेगळे देता येतात, त्यामुळे एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा द्यावा लागतो. तोपर्यंत रोज थोडा वेळ जर्मन ऐकण्याचा नेम ठेवावा. डॉइच वेल या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह विनामूल्य मिळतात. आधी न पाहता ऐकायच्या, मग मजकूर वाचायचा आणि पुन्हा ऐकायच्या. क्लासला जाता-येता बसमध्येही हे सहज जमते.