परसात स्ट्रॉबेरी की तुती-करवंद? माघातलं विहिरीचं पाणी कोणाला द्यायचं?

आगरातला (गुहागर):
माघ सरत आला, विहिरीच्या पायऱ्या उघड्या पडायला लागल्यात आणि गावच्या ग्रुपवर रोज कोणीतरी कुंडीतल्या स्ट्रॉबेरीचा फोटो टाकतंय. माझं स्पष्ट मत आहे की समुद्रालगतच्या परसात स्ट्रॉबेरीवर पाणी घालू नये. ते पीक थंड रात्रीचं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लागतात आणि थंडीभर फुलतात. आपल्याकडे जानेवारीतही रात्रीचा पारा अठरा-वीसच्या खाली क्वचित जातो, फेब्रुवारी संपताना दुपारी तेहतीस-चौतीस होतो, मग फळ बारीक राहतं, आंबट राहतं आणि रोप मात्र रोज पाणी मागतं. तेच पाणी लाल माठाच्या भाजीला दिलं तर महिन्याभरात जुडी हातात येते, मुळ्याला दीड महिना पुरतो, आणि फळच हवं असेल तर तुती लावा ना. तुतीची आत्ता छाटणी केली की नवीन फुटव्याबरोबरच फळं येतात. करवंदाचं झाड तर एकदा धरलं की उन्हाळ्यात पाणी विचारत पण नाही. पोरांना बेरी खायची हौस आहे ना, मग आपल्या मातीतली द्या की.

डोंगरमाथा (दापोली):
दादा, कोकण म्हणजे फक्त वाळूची किनार नव्हे हो. दापोली समुद्रापासून फार लांब नाही पण उंचावर आहे, इकडे थंडीच्या लाटेत पहाटे दहा-अकरापर्यंत पारा उतरतो. माझ्या कुंड्यांतली स्ट्रॉबेरी जानेवारीपासून चालू आहे, भरपूर नाही, पण नातवंडं सकाळी उठून आधी कुंडीकडे धावतात ते मला मोलाचं वाटतं. आणि मातीचं म्हणाल तर जांभ्या दगडाची माती आंबट, स्ट्रॉबेरीला किंचित आंबटच माती लागते, त्यात शेणखत आणि थोडी वाळू मिसळली की पाणी साचत नाही. पाणी किती लागतं तर कुंडीला तांब्याभर. त्याने विहीर आटत नाही. माठाच्या वाफ्याला याच्या कितीतरी पट जास्त जातं, तो हिशोब पण मांडा.

खाजणकाठ (चौल):
पाणी किती यापेक्षा पाणी कसलं ते बघा. आमच्याकडे खाडी जवळ, फेब्रुवारीत विहिरीची पातळी खाली गेली की पाण्याला मचूळ चव येते. स्ट्रॉबेरी मिठाला फार नाजूक, आधी पानाच्या कडा तपकिरी होतात, मग पूर्ण पान करपतं आणि लोक समजतात पाणी कमी पडलं म्हणून अजून तेच पाणी ओततात. कुंडीत तर मीठ साठतच जातं कारण पाऊस येईपर्यंत ते धुऊन जायला वाटच नसते. त्यामुळे मी पहिल्या पोस्टच्या बाजूने. पण माठ-मुळ्याच्याही आधी मी वालाचं नाव घेईन. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते त्यावरच वाल होतो, वेगळं पाणी नाही, आणि आत्ता शेंगा भरल्यात, पोपटी (मडक्यात शेंगा भाजतात ती) लावायचे दिवस आहेत. पांढरा कांदा पण आता काढणीला येईल, अलिबागच्या कांद्याला २०२२ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो उगाच नाही. आपल्या वाडवडिलांनी हिवाळ्याच्या शेवटी काय पिकवायचं ते पाण्याकडे बघूनच ठरवलं होतं.

वाडीवरचो (कुडाळ):
बाबानू, आधी वांदरांचा बोला. तुती लावा, वाल लावा असं लिहिणं सोपं आहे, आमच्याकडे कळप येतो आणि शेंगा, कोवळी पानं, नवलकोल सगळं अर्ध्या तासात साफ. जे जाळीच्या आत आहे तेच आपलं. आणि जाळीत काय मावतं? कुंड्या. तुतीचं झाड जाळीत कसं घालणार? म्हणून मी ठामपणे स्ट्रॉबेरीवाल्यांच्या बाजूने आहे, अख्ख्या परसातलं तेवढं एकच फळ बायकोपोरांच्या तोंडी लागतं. ज्यांच्या गावात माकडं नाहीत त्यांनी आम्हाला पारंपरिक पिकांवर शिकवू नये, मनापासून सांगतो, राग मानू नका.

आगरातला (गुहागर):
वाडीवरचे भाऊ, राग कसला, त्रास आमच्याकडेही आहे. पण तुती झाडच व्हायला पाहिजे असं नाही. दरवर्षी याच दिवसांत कंबरेएवढी छाटत राहिलं तर झुडूपच राहते, मोठ्या ड्रममध्ये पण होते, त्यावर जाळी टाकता येते, नाहीतर माकडांच्या आधी बुलबुलच संपवतात. दापोलीचं थंडीचं पटतं, मी लिहिलं ते खाली समुद्राला लागून असलेल्यांसाठी. पण ताई, मार्चनंतर तुमच्या रोपांचं काय? ऊन तापलं की पानाखाली लाल कोळी ही कीड लागते, त्यातून वाचली तरी आपल्या पावसात गड्डा कुजतो, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे. म्हणजे दरवर्षी घाटावरून नवीन रोपं विकत आणायची. करवंद एकदा लावलं की पोरांची पोरं खातील. कृषी विद्यापीठाची करवंदाची कोकण बोल्ड जात तर तुमच्या दापोलीचीच आहे, फळ टपोरं येतं.

गच्चीवाली (रत्नागिरी):
करवंदाला फळ धरायला तीन वर्षं तरी जातात आणि काटे असे की लहान मूल असलेल्या घरात मी लावणार नाही. शिवाय आम्ही भाड्याने राहतो, इथे तीन वर्षं असू की नाही माहीत नाही. सगळ्यांकडे आगर (नारळ-सुपारीची वाडी) नसतं हो. माझ्या गच्चीवर नळाचं गोडं पाणी आहे, चार महिन्यांत जे हाती लागेल तेच मी लावणार, मग ती मेथी असो नाहीतर स्ट्रॉबेरी. यात मातीशी बेइमानी कुठे आली ते कळलं नाही. उलट कुंडीत स्ट्रॉबेरी जगवायला शिकलेलं माणूस पाणी जपून घालायला शिकतं असा माझा अनुभव आहे. दुपारी बारानंतर जुन्या पातळ साडीची सावली करा, त्याने खूप फरक पडतो.

खाजणकाठ (चौल):
सावलीचं बरोबर. त्यासोबत आच्छादन करा, भाताचा पेंढा किंवा नारळाची सोडणं (वरची सालं) बारीक करून घाला, वाफा असो वा कुंडी, पाणी निम्म्यावर येतं. आणि कृपा करून आंब्याचा पाला जाळू नका, सध्या संध्याकाळी सगळ्या वाडीत धूरच धूर असतो.

वाडीवरचो (कुडाळ):
पाला जाळू नका हे परसापुरतं मान्य. पण तरव्याची (भाताची रोपं करायची) जमीन भाजावीच लागते, नाहीतर पावसात रोपापेक्षा तण जास्त, ते पेंढ्याने भागत नाही. तुतीची ड्रमवाली गोष्ट मात्र करून बघण्यासारखी वाटते, फांदी कशी लावायची?

आगरातला (गुहागर):
पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली फांदी घ्या, दोन डोळे मातीत जातील अशी सावलीत लावा, माती ओली ठेवा पण चिखल नको. पालवी फुटली म्हणजे मुळं धरलीच असं नाही, उपटून बघू नका. पावसाच्या सुरुवातीला ड्रममध्ये हलवा.

डोंगरमाथा (दापोली):
फांदी मलाही हवी, तुती लावीनच. पण स्ट्रॉबेरीच्या कुंड्या काढणार नाही. रोपं विकत आणावी लागतात हे खरं, दर ऑक्टोबरात आणते आणि आणत राहीन. पाणी तांदूळ-भाजी धुतलेलं घालते, विहिरीचं नाही, तेव्हा आगरवाल्यांनी माझ्या कुंड्यांचा हिशोब विहिरीच्या खात्यात लिहू नये.