मदत हवी आहे : मुलगा हॉस्टेलवरून परत यायचं म्हणतोय, आणू का?

शिवार_लातूर
मुलाला पुण्याला सोडून १२ दिवस झाले. रोज रात्री साडेअकराला फोन येतो, "मला न्यायला या" एवढंच म्हणतो. जेवणही धड नाही. त्याच्या आईचा जीव थाऱ्यावर नाही. शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट आजच काढायचंय. आणू का? लवकर सांगा.

कडुनिंब
कोर्स कोणता? कॉलेजचं हॉस्टेल की बाहेर खोली? खोलीत किती जण? प्रवेश कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतून) की मॅनेजमेंट कोट्यातून? तासांना बसतो का? काहीच लिहिलं नाहीत.

ओसरी
कायमचं आणायचं असेल तर आधी सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा नि प्रवेश बघणाऱ्या कार्यालयाच्या) वेळापत्रकात प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख बघा. त्याआधी रद्द केला तर हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते. तारीख उलटली की फक्त अनामत हातात येते.

मोगरा२
शुक्रवारी आणाच दादा. दोन दिवस घरचं खाईल, झोपेल, सोमवारी हसत जाईल.

कडुनिंब
मोगराताई, नाही पटलं. पहिल्या महिन्यात शनिवार-रविवारीच वर्गातली, खोलीतली पोरं एकत्र बाहेर पडतात, गट तेव्हाच जमतात. हा तेवढ्यात गावी गेला की सोमवारी पुन्हा नवखाच. भेटायचंच तर बापाने तिकडे जावं.

शिवार_लातूर
कॅपमधून. कॉम्प्युटर, पहिलं वर्ष. कॉलेजचंच हॉस्टेल, खोलीत तिघं. बाकीचे दोघं मुंबईचे, आधीपासून ओळखीचे. तास अजून नाहीत, दिवसभर हॉलमध्ये भाषणं असतात म्हणतो. मेसला जातच नाही, बिस्किटावर राहतो.

कडुनिंब
मग कोडं सुटलं. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेने) पहिल्या वर्षासाठी ३ आठवड्यांचा इंडक्शन, म्हणजे नव्या पोरांना रुळवायचा, कार्यक्रम घालून दिलाय, तुमचा त्यातच आहे. अभ्यास सुरू नाही, प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडलेल्या नाहीत. दिवसभर शेकडो पोरांत बसायचं आणि ओळख कोणाशीच नाही. बॅच पडली की दर आठवड्याला तीच पोरं एका टेबलावर येतात, फाईली एकमेकांच्या बघून लिहितात. खऱ्या ओळखी तिथे होतात. प्रॅक्टिकलचे २ आठवडे होईपर्यंत परत आणण्याचा निर्णय घेऊ नका.

ज्वारीचं_कणीस
मेसचं बोलू. मेसला न जाण्याचं कारण बहुतेक वेळा चव नसते. ताट हातात घेऊन उभं राहायचं, लांबलचक टेबलं भरलेली, प्रत्येक घोळका आपापल्या बोलण्यात, बसायचं कुणाजवळ? यावर उपाय वेळेचा. मेस उघडते त्या पहिल्या १० मिनिटांत जायचं. टेबलं रिकामी असतात, चपाती गरम असते, आणि लवकर येणारी पोरं रोज तीच असतात. सोबत येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) आणि शेंगदाण्याची चटणी द्या, दोन्ही कोरडी, प्लास्टिकच्या फिरकीच्या बरणीत. तेलाचं लोणचं नको, बॅगेत गळतं आणि कपडे जातात. चटणीची बरणी टेबलावर ठेवली की शेजारचा आपणहून मागतो.

रात्रपाळी
दादा, रॅगिंग नाही ना, ते आधी पाहा. थेट विचारलं तर पोरं नाही म्हणतात. असं विचारा: रात्री कुणाच्या खोलीत बोलावतात का? सीनियरच्या असाइनमेंट लिहायला लावतात का? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९च्या नियमांत तेही रॅगिंगच धरलंय. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू.

सातबारा
सरकारी शिष्यवृत्तीचा, महाडीबीटी पोर्टलवरचा फॉर्म भरलाय का? आधारला बापाचा मोबाइल नंबर असेल तर ओटीपी लातुरात येणार आणि पोरगं पुण्यात. नंबर बदलून घ्या. खातं आधारशी लिंक असणं वेगळं आणि सीडिंग (सरकारी पैसे कोणत्या खात्यात पडायचे ते आधारला जोडणं) वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेचं राहतं, पैसे तिथेच पडतात. आणि १८ पूर्ण झाली की लहानपणी काढलेल्या (अज्ञान) खात्याचं केवायसी नव्याने करावं लागतं, नाहीतर व्यवहार अडकतात.

ओसरी
त्यांनी शिष्यवृत्तीचं विचारलंय का?

सातबारा
विचारलं नाही, पण हेही त्याच दिवसांत अडतं.

मोगरा२
निदान फोन तरी रोज घ्या हो, लेकरू एकटं आहे.

रात्रपाळी
फोन घ्याच, फक्त वेळ बदला. साडेअकराला रूममेट झोपलेले, हा जिन्यात बसून बोलतो, मग झोप उडते. जेवण झाल्यावर ९ची वेळ ठरवा, १० ते १५ मिनिटं. "कसा आहेस" विचारलं की रडू येतं. आज भाजी कोणती होती, शेजारी कोण बसलं होतं, असं विचारा. आईला रडू आवरत नसेल तर फोन तुम्ही धरा. दोन आठवड्यांनीही झोप-जेवण सुटलेलंच असेल किंवा "जगण्यात अर्थ नाही" असं काही बोलला, तर थांबू नका. जगण्याचं तसं बोलणं आलं तर दोन आठवडेही मोजू नका, त्याच दिवशी रेक्टरला सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ला फोन लावा. मराठीत बोलता येतं.

शिवार_लातूर
आत्ता बोललो. रॅगिंग नाही म्हणतो. असाइनमेंटचंही विचारलं, नाही. मेसला एकटं जायला लाज वाटते, हे मात्र खरं निघालं. त्याला आणत नाही, शनिवारी मीच जातो. मेसमध्ये पाहुण्याला जेवता येतं का?

ज्वारीचं_कणीस
बहुतेक ठिकाणी पाहुण्याचं कूपन मिळतं, सकाळीच घ्यायला सांगा. त्याच्याबरोबर पहिल्या पंगतीलाच बसा. आणि मेसवाल्याला खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा, नियम विचारून घ्या. किती दिवस आधी कळवायचं, सलग किती दिवसांचा खाडा धरतात, हे ठिकाणागणिक वेगळं असतं. दिवाळीला आला की त्याचे पैसे वळते होतात.