टॉम डाउड यांच्यावरील माहितीपट आणि समीक्षकांचे आक्षेप : कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

काका : अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीचे ध्वनिमुद्रण अभियंते आणि निर्माते टॉम डाउड यांच्यावरचा मार्क मूरमन यांचा माहितीपट ‘टॉम डाउड अँड द लँग्वेज ऑफ म्युझिक’ पाहून झाला आणि त्यावरची परीक्षणेही वाचली. समीक्षकांनी एकंदरीत त्याचे स्वागत केले असले, तरी चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत कौतुकच करतो, हा काहींचा आक्षेप मला रास्त वाटतो. त्यात बोलणारे गायक रे चार्ल्स, गिटारवादक एरिक क्लॅप्टन, अ‍ॅटलांटिकचे एक संस्थापक अहमत एर्तेगुन हे सगळे डाउड यांचे सहकारी तरी आहेत किंवा त्यांच्या ऋणात तरी. त्यांच्याकडून परखड मूल्यमापन कसे मिळणार?

आत्या : दादा, आक्षेप खरा आहे, पण तो अपुरा आहे. डाउड २७ ऑक्टोबर २००२ रोजी गेले आणि २००३ च्या सुरुवातीला हा चित्रपट सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, त्यामुळे तो श्रद्धांजलीसारखा पाहिला जाणे स्वाभाविकच होते. मात्र ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसावरचा चित्रपट त्याचे काम आपल्या कानांपर्यंत पोहोचवतो का, हे मला आधी पाहावेसे वाटते. डाउड मिक्सिंग कन्सोलसमोर (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या यंत्रासमोर) बसून क्लॅप्टन यांच्या ‘लेला’ या गाण्याचे ट्रॅक, म्हणजे स्वतंत्रपणे मुद्रित केलेले आवाज, एकेक करून वर आणतात, तेव्हा क्लॅप्टन आणि दुसरे गिटारवादक ड्युएन ऑलमन यांच्या गिटारी वेगळ्या ऐकू येतात, आणि वर्षानुवर्षे ऐकलेल्या गाण्यात किती थर आहेत हे प्रथमच उमगते. त्या दोघांची गाठ १९७० मध्ये मायामीत डाउड यांच्यामुळेच पडली होती, हेही विसरता येत नाही.

मी : आत्या, तू म्हणतेस त्या प्रसंगामागची तांत्रिक बाजू परीक्षणांनी फार घाईने उरकली आहे. पूर्वी आवाजाची पातळी गोल बटणे फिरवून कमीजास्त करावी लागे, आणि एका हाताने एका वेळी फार बटणे सांभाळता येत नसत. डाउड यांनी त्यांच्या जागी सरळ रेषेत सरकणारे फेडर आणले, त्यामुळे पियानोच्या पट्ट्यांवर फिरावीत तशी दहाही बोटे कन्सोलवर फिरू लागली. अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीस, इतर बड्या कंपन्यांच्या आधी, आठ ट्रॅकचे यंत्र घेतले तेही त्यांच्याच आग्रहाने. तरुणपणी ते मॅनहॅटन प्रकल्पाच्या, म्हणजे अमेरिकेच्या अणुबाँब बनवण्याच्या कामात होते. ते काम गोपनीय असल्यामुळे युद्धानंतर विद्यापीठात त्याचे श्रेय मागता येईना, आणि शिकवले जाणारे भौतिकशास्त्र त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींच्या मागे होते. समीक्षक हा भाग एक रंजक योगायोग म्हणून सांगतात. मला तर फेडरपर्यंतचा रस्ता तिथूनच सुरू झालेला दिसतो.

काका : हे सगळे मान्य, तरीही माझी शंका उरतेच. क्रीम या बँडच्या ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ या गाण्यासाठी मूळ अमेरिकी जमातींच्या ढोलासारखा ठेका आपण सुचवला, असे डाउड सांगत, बँडचे ड्रमवादक जिंजर बेकर यांनी मात्र तो दावा मान्य केला नाही. पडद्यामागच्या माणसाच्या कामाला बहुधा तो स्वतः आणि खोलीतले दोन-चार जण एवढेच साक्षीदार असतात. म्हणूनच अशा चित्रपटाने विरोधी साक्षही शोधून काढायला हवी.

ताई : काका, तुमचा हा मुद्दा मला ‘कौतुक फार झाले’ या तक्रारीपेक्षा कितीतरी वजनदार वाटतो, आणि समीक्षकांनी तो लावून धरायला हवा होता. डाउड यांच्या घरगुती आयुष्याबद्दल फारसे कळत नाही, ही उणीव मला तितकीशी जाणवली नाही.

आत्या : मलाही नाही. पण ‘लेला’च्या प्रसंगात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही, कारण तिथे टेप स्वतःच बोलते. मुलाखतींतली निम्मी स्तुती काढून रे चार्ल्स आणि गायिका अरेथा फ्रँकलिन यांच्या ध्वनिमुद्रणांचे असेच ट्रॅक उलगडून दाखवले असते, तर दादांच्या शंकेलाही उत्तर मिळाले असते आणि समीक्षकांच्या आक्षेपालाही.