मदत हवी आहे: सीबीटीसोबत ईएमडीआर कुणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी. आम्ही चिकोडी तालुक्यातले, दूधगंगेकाठचे. २०१९ च्या महापुरात घर पाण्यात गेलं, तेव्हापासून पावसानं जोर धरला की वहिनींना धाप लागते, रात्र रात्र जागतात. बेळगावात सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारा बोलण्याचा उपचार) सुरू आहे. विचार आवरतात, पण अंगातली भीती हलत नाही. आता समुपदेशक ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करवून आघाताच्या आठवणी हाताळणारा उपचार) जोडूया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आघातानंतरच्या मानसिक त्रासासाठी दोन्ही पद्धती सुचवल्या आहेत, तरी काळजी वाटते. दोन्ही एकदम चालतात, की आधी मन स्थिर करून मगच आठवणींना हात घालायचा? मला यातला दुसरा मार्ग पटतो. वहिनी कन्नड बोलतात, पण त्या रात्रीबद्दल मराठीतच बोलू शकतात. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, धारवाडकडे मराठीतून ईएमडीआर करणारं प्रशिक्षित कुणी आहे का? पावसाळ्याआधी सुरू करायचंय, कृपया लवकर सांगा.